टिकटिक थांबल्यावरचा तास

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. अर्धांगवायूच्या पेशंटांमध्येच माझा सगळा दिवस जातो. आमच्या केंद्रात टीएमएसचं मशीन आल्यापासून चौकशीचे फोन वाढलेत. कवटीबाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे आणि आतल्या मेंदूपेशी चेतवायच्या, असा हा उपचार. डोकं उघडायचं नाही, सुई टोचायची नाही, त्यामुळे आशा वाटणं साहजिक आहे. फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, त्या मशीनने बाबांचा हात येईल ना?" याला सरळ 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही' म्हणणंही बरोबर नाही. न्यूरॉलॉजिस्टांबरोबर काम करताना, पेशंटच्या खुर्चीशेजारी उभं राहून जे समजत गेलं, ते इथे क्रमाने मांडते. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे, त्यांना उपयोगी पडेल.

१. हा शॉक नव्हे, हे आधी सांगायचं.

लोक याला 'करंटचं मशीन' म्हणतात आणि सिनेमात पाहिलेली शॉक ट्रीटमेंट सगळ्यांच्या डोक्यात असते. एका आजींनी तर खुर्चीत बसण्याआधी हातातल्या पाटल्या काढून सुनेकडे दिल्या. "माझं काही बरंवाईट झालं तर असू देत तुझ्याजवळ," म्हणाल्या. मशीनची डोक्यावर धरायची कॉइल मी आधी स्वतःच्या हातावर लावून दाखवली, तेव्हा कुठे त्या टेकल्या.

यामागचं तत्त्व आपण शाळेत शिकलेलंच आहे. चुंबकी क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ सोडतात. त्यातून क्षणभरापुरतं दीड-दोन टेस्लाचं, म्हणजे एमआरआय मशीनच्या तोडीचं क्षेत्र तयार होतं. कवटी त्याला अडवत नाही. मेंदूच्या वरच्या थरात ते बारीकसा प्रवाह उमटवतं, फार खोल पोचत नाही. १९८० मध्ये लंडनच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी थेट विजेने हेच साधलं होतं, पण डोक्याची कातडी चांगलीच दुखायची. शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये चुंबकाचा मार्ग काढला आणि ते दुखणं जवळजवळ गेलं. पेशंटला डोक्यावर टिचकी बसल्याचं जाणवतं. टिकटिक आवाज मात्र कडक असतो, म्हणून पेशंटच्याही कानात बोळे आणि आमच्याही. सेशन संपलं की पेशंट रिक्षाने घरी जातो.

२. मेंदूतली हाताची जागा शोधताना घाई करायची नाही.

बघायला आलेल्यांना वाटतं, टोपी घातली, कॉइल ठेवली, बटण दाबलं, झालं. पहिल्या दिवशी बराचसा वेळ मोजमापातच जातो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मग या कानापासून त्या कानापर्यंत. दोन्हींचे मध्य जुळतात तो माथ्याचा बिंदू. डोक्यावर पोहताना घालतात तसली घट्ट टोपी असते, तिच्यावर पेनाने खुणा करायच्या. माथ्यापासून कानाच्या दिशेने साधारण पाच सेंटिमीटरवर मेंदूतला हाताचा भाग येतो. तिथे इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल तिरकी धरून एक ठोका द्यायचा, किंचित सरकवून दुसरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात. नेमकी जागा लागली की बोट आपसूक उडतं आणि पडद्यावर छोटीशी लाट उमटते.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आपल्या चांगल्या हाताचं बोट उडताना बघून दचकलेच. "अहो, मी नाही हलवला!" मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. हसू ओसरल्यावर दुसऱ्या हाताकडे बघत म्हणाले, "आता याला विचारा."

जागा सापडली की जोर ठरवायचा. दहापैकी निदान पाच ठोक्यांना ५० मायक्रोव्होल्टची लाट उमटवणारा कमीत कमी जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. तो प्रत्येकाचा निराळा असतो आणि उपचाराचा जोर त्याच्याच हिशेबाने धरायचा असतो. हे न मोजता सगळ्यांना एकच आकडा लावणाऱ्या ठिकाणी मी माझ्या घरच्या माणसाला नेणार नाही.

३. मशीन उपचाराआधी अंदाज सांगतं.

टीएमएसचा हा उपयोग नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला कॅथी स्टिनियर यांच्या गटाने याची सोपी पद्धत बसवली आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीन दिवसांच्या आत दोनच गोष्टी बघायच्या. खांद्यातून हात बाजूला उचलता येतो का आणि बोटं सरळ करता येतात का. प्रत्येकीला पाचपैकी गुण. बेरीज पाच किंवा जास्त असेल तर हात चांगला सुधारण्याची शक्यता मोठी असते. पाचाच्या खाली असेल तर पहिल्या आठवड्यात टीएमएसने त्या हाताची लाट तपासायची. हात बाहेरून लुळा दिसत असला तरी लाट उमटली, म्हणजे मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे.

लाट नसेल तरी काम थांबत नाही, त्याची दिशा बदलते. अशा पेशंटला "दिवाळीपर्यंत सदऱ्याची बटणं लावाल" असलं आश्वासन मी देत नाही. हात आखडू नये, खांदा दुखू नये, चांगल्या हाताने जेवण आणि कपडे जमावेत, यावर भर देते. दुबळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, हे घरच्यांना दर वेळी बजावते. नेमकं काय साधायचं हे कळलेलं घर कमी थकतं, असं मी पाहिलं आहे.

४. कॉइल 'चांगल्या' बाजूला लावली म्हणून गोंधळू नका.

"मॅडम, झटका उजव्या मेंदूत आलाय आणि तुम्ही डावीकडे लावताय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता आधीच खुलासा करते. मेंदूचे दोन्ही गोलार्ध एकमेकांना आवर घालत असतात. एक गोलार्ध जखमी झाला की दुसरा शिरजोर होतो आणि जखमी भागाला आणखी दाबतो, असा एक सिद्धांत आहे. सेकंदाला एक या संथ गतीने ठोके दिले तर त्यांच्याखालचा भाग काहीसा शांत होतो, म्हणून ते निरोगी बाजूला देतात. सेकंदाला पाच किंवा अधिक अशा वेगाने दिले तर चेतना वाढते, म्हणून ते जखमी बाजूला देतात. लंडनमध्ये २००५ साली मांडलेल्या थीटा बर्स्ट पद्धतीत ठोक्यांचे छोटे झुबके असतात आणि ६०० ठोके तीन मिनिटांच्या आसपास उरकतात.

मात्र हा सिद्धांत सगळ्यांना लागू पडत नाही. जखम फार मोठी असेल तर निरोगी गोलार्धच दुबळ्या हाताला मदत करत असतो, आणि त्यालाच शांत केलं तर उलट नुकसान व्हायचं. म्हणून शेजारच्यांच्या पेशंटला अमुक बाजूला दिलं, आमच्याला तमुक का, ही तुलना करू नये. एमआरआय, हातातली ताकद आणि लाट हे तिन्ही बघून डॉक्टर ठरवतात.

५. खरं काम टिकटिक थांबल्यावर सुरू होतं.

ठोक्यांनी मेंदूत जो बदल होतो तो साधारण अर्धा ते एक तास टिकतो. एवढ्या वेळात मेंदू नवं वळण जरा सहज स्वीकारतो. भोर तालुक्यातल्या एका शेतकरी काकांना मी हे समजावत होते, तर त्यांनी मलाच एका वाक्यात समजावलं. "म्हणजे वाफसा आलाय तोवर पेरून घ्यायचं." तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. वाफसा आला आणि माणूस चहा प्यायला गेला, तर रान पुन्हा कोरडं.

त्यामुळे आमच्याकडे कानातले बोळे निघाले की पेशंट थेट टेबलाशी. टेबलावर महागडं काही नसतं. वाटीभर मटाराच्या शेंगा, कपडे वाळवायचे चिमटे, नाणी आणि गल्ला, जुना सदरा, स्टीलचा पेला. पेला दुबळ्या हातातून घसरतो म्हणून सुरुवातीला त्यावर रबरबँड गुंडाळते. पकड जमायला लागली की एकेक रबर काढून घेते. शेवटचा निघाला की त्यात थोडं पाणी. पाणी सांडलं तर पुसायचं फडकंही त्याच हातात, तोही सरावच. एक मावशी चिमट्यांना कंटाळायच्या, पण परातीत पीठ आलं की त्यांचा हात निराळाच चालायचा. भाकरी वेडीवाकडी व्हायची. बोटं मात्र दर थापीला उघडत होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता मोजदाद. अमेरिकेत आणि कॅनडात स्ट्रोकच्या पेशंटांची ३१२ थेरपी सेशन प्रत्यक्ष बसून पाहिली गेली. ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताचा कामाशी जोडलेला सराव एका सेशनमध्ये सरासरी ३२ वेळा होत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतला हाताचा नकाशा बदलताना दिसतो, तो दिवसाला शेकडो वेळा केलेल्या हालचालींनी. ३२ आणि शेकडो यांच्यातली दरी कुठलंही चुंबक भरून काढत नाही. ती मटाराच्या शेंगांनीच भरावी लागते.

६. खोट्या कॉइलचा निकाल नीट वाचायचा.

२०१८ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. तिचं नाव निश. १२ केंद्रं, १९९ पेशंट, झटक्याला तीन ते बारा महिने झालेले. काहींना निरोगी बाजूवर खरे संथ ठोके आणि बाकीच्यांना खोटी कॉइल, जिचा आवाज येतो पण मेंदूपर्यंत काही पोचू नये अशी रचना असते. ठोक्यांनंतर सगळ्यांनाच हाताचा भरपूर, कामाशी जोडलेला व्यायाम. सहा महिन्यांनी खऱ्या गटातल्या ६७ टक्क्यांमध्ये ठरवलेली सुधारणा दिसली आणि खोट्या गटातल्या ६५ टक्क्यांमध्ये. म्हणजे फरक नाहीच.

हे वाचून काहीजण म्हणाले, टीएमएस निकामी आहे. मी तो निकाल दुसऱ्या बाजूनेही वाचते. झटक्याला महिने उलटून गेलेल्या माणसांपैकी दोन तृतीयांश लोक सुधारले. सगळ्यांना समान मिळालेली गोष्ट होती ती नियमाने करवून घेतलेला व्यायाम. तेव्हा मशीनवाल्याने एखाद्या पेशंटचा 'आधी आणि नंतर'चा व्हिडिओ दाखवला, तर मी विचारते, या दोन्हींच्या मधल्या काळात व्यायाम किती झाला? नुसत्या व्हिडिओवरून श्रेय कुणाचं, हे ठरवता येत नाही.

७. दिवस मोजायचे, पण तारीख उलटली म्हणून दार लावायचं नाही.

सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी टीएमएसवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात, तातडीचा काळ ओसरल्यानंतरच्या पुढच्या टप्प्यात निरोगी बाजूवरच्या संथ ठोक्यांचा हाताला फायदा होतो, याला त्यांनी पुराव्याची सर्वांत वरची श्रेणी दिली. जुन्या झटक्यात तितकी खात्री त्यांनी दिली नाही. हे आणि निशचा निकाल शेजारी ठेवले की वेळेचं महत्त्व कळतं. आपल्याकडे मात्र पहिले महिने कुठल्या तरी गावच्या औषधात, मालिशीत आणि कबुतराच्या रक्तात जातात आणि सगळं करून झाल्यावर मशीनची आठवण होते. मालिशीने बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण ती करून घेताना हात स्वतः काही करत नाही.

उशिरा आलेल्यांनाही मी परत पाठवत नाही. एक्साइट नावाच्या अमेरिकी चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ पेशंट होते. तिचा निकाल २००६ मध्ये आला. एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा नव्वद टक्के वेळ, जाड मोजा घालून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून कसून काम करून घेतलं. त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फायदा टिकून होता. अट एवढीच की मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळायला हवीत.

८. घरच्या मायेला काम नेमून द्यायचं.

मुलगा घास भरवतो, सून सदऱ्याची बटणं लावते, नातू चप्पल पुढे करतो. हे सगळं प्रेमानेच होतं, पण दुबळ्या हाताला दिवसभर काही कामच उरत नाही आणि मेंदू त्याला विसरत जातो. मी घरच्यांना ठरवून थांबायला सांगते. पेला आजोबांनी धरायचा, तुम्ही फक्त खालून हात ठेवायचा. दाराची कडी, नळाची तोटी, जपमाळ हे सगळं त्याच हाताने. वेळ लागतो. त्या वेळात मदतीला न धावणं हेच सगळ्यांत अवघड जातं, विशेषतः आईला आणि बायकोला.

तरीही सगळं घरच्यांवर सोपवून मोकळं होता येत नाही. अटेंड ही चाचणी भारतातच झाली, १४ रुग्णालयांत, १२५० पेशंटांवर. घरातल्या एकाला थोडं प्रशिक्षण देऊन पुढचा व्यायाम त्याच्याकडून करवून घ्यायचा, अशी कल्पना होती. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन आलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होतं. मी यातून घेते ते इतकंच, की घरचं माणूस हवंच, पण त्याच्या पाठीशी शिकवणारं आणि वेळोवेळी तपासणारं कुणी तरी हवं.

आणखी एक. पेशंट व्यायामाला कंटाळतो, चिडतो, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याला लगेच आळशी ठरवू नका. झटक्यानंतर जवळपास एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. त्यावर उपचार आहेत. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये टीएमएसला मान्यता दिली, तीसुद्धा नैराश्यासाठीच. मन उठलं की हातही टेबलाशी येतो.

९. कुणाला नको, हे आधी विचारून घ्यायचं.

कानात कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप किंवा तुकडा, छातीत पेसमेकर, पूर्वी आलेली फीट, कवटीचं हाड काढलेली शस्त्रक्रिया, फीटचा धोका वाढवणारी औषधं, यांतलं काहीही असेल तर ते न विचारता सांगा. उपचारादरम्यान फीट येणं विरळा आहे, पण शक्य आहे. त्यामुळे ती सांभाळता येणारी माणसं आणि औषधं त्या खोलीत हवीत. बाकी त्रास म्हणजे डोकं दुखणं, कॉइलखालची जागा हुळहुळणं. ते बहुधा त्याच दिवशी थांबतं.

१०. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

हा उपचार आठवडेच्या आठवडे चालतो. गावाकडच्या माणसाला पुण्यात नातेवाइकाकडे राहावं लागतं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. तेव्हा विचारायला संकोच करू नका. आमच्या पेशंटचा उंबरठा मोजणार का? कोणत्या बाजूला, कोणत्या गतीने ठोके देणार आणि का? सुधारणा कशाने मोजणार? हातासाठी फुगल-मायर नावाची ६६ गुणांची मोजणी आहे. ती सुरुवातीला आणि शेवटी करून कागदावर मागा, म्हणजे 'फरक वाटतोय' यावर समाधान मानावं लागणार नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ठोके संपल्यावरच्या तासात पेशंटकडून काय करून घेणार, आणि कोण करून घेणार? उत्तरात थेरपिस्ट, टेबल आणि रोजची मोजदाद आली तर जरूर जा. उत्तर गुळमुळीत आलं, "बाकी घरी करा" असं आलं, तर मशीन कितीही नवं असलं तरी ते पैसे वाचवा. तेच पैसे जवळच्या चांगल्या फिजिओकडे घाला आणि उद्यापासून रोज जा.